कर थोडा होता, पण ठरवला कुणी?

जनावरांची वैरण झाली असेल, भांडी आवरून झाली असतील, आणि आता चुलीवर चहाचं आधण चढलं असेल. आज आम्ही तुम्हाला चहाचीच गोष्ट सांगणार आहोत. तो कसा करावा याची नाही, तो का सोडला याची.

ही गोष्ट आपल्या गावची नाही, आपल्या देशाचीही नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली आहे. शाळेच्या पुस्तकात ती चार ओळींत संपते. इंग्रजांनी कर लादले, बॉस्टन शहरातल्या लोकांनी चहा समुद्रात फेकला, युद्ध झालं, अमेरिका स्वतंत्र झाली. या चार ओळींत बाई कुठेच दिसत नाही. आम्ही जरा जास्त वाचायला लागलो, तेव्हा कळलं की बॉस्टनचा चहा समुद्रात पडण्याच्या जवळजवळ चार वर्षं आधी तो शेकडो घरांच्या चुलीवरून उतरला होता. आणि तो उतरवला होता बायकांनी.

आधी जागा समजून घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा इंग्लंडच्या तेरा वसाहती होत्या. इंग्लंडमधून आणि युरोपातून लोक तिथे गेले, मूळ रहिवाशांच्या जमिनी घेतल्या आणि तिथे शेती-व्यापार करू लागले. १७७० च्या सुमारास या वसाहतींत वीस लाखांच्या आसपास लोक होते. त्यातला पाचातला एक माणूस आफ्रिकेतून पकडून आणलेला किंवा अशा माणसांच्या पोटी जन्मलेला गुलाम होता. बहुतेक वस्ती खेड्यांत होती. बॉस्टन मोठं बंदर म्हणायचं, पण त्याची वस्ती पंधरा-सोळा हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी.

प्रत्येक वसाहतीत तिथल्या लोकांनी निवडलेली एक सभा असे. मत देण्याचा हक्क बहुतेक करून जमीनजुमला असलेल्या पुरुषांनाच होता. तिथले कर ही सभा ठरवायची. पण समुद्रापलीकडच्या व्यापाराचे कायदे लंडनचं पार्लमेंट करायचं, आणि त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींनी निवडून दिलेला एकही माणूस नव्हता.

ते कायदे कसे होते? १६५१ पासून एकेक कायदा होत गेला. वसाहतींचा माल इंग्लंडच्या किंवा इंग्रज वसाहतींच्या जहाजांतूनच जायला हवा. तंबाखू, साखर, नीळ असा ठरावीक माल इंग्लंडला किंवा इंग्लंडच्याच दुसऱ्या वसाहतीला विकायचा, इतर देशांना थेट नाही. युरोपातला बहुतेक माल हवा असेल, तर तो आधी इंग्लंडच्या बंदरात उतरायचा आणि मग इकडे यायचा. १६९९ च्या कायद्यानं वसाहतीत विणलेलं लोकरी कापड एका वसाहतीतून दुसरीत विकायला बंदी आली. १७३२ मध्ये टोप्यांवर तशीच बंदी आली. १७५० मध्ये लोखंडाच्या पट्ट्या आणि पत्रे पाडायचे नवे कारखाने काढायला मनाई झाली. थोडक्यात, कच्चा माल तुम्ही द्या, पक्का माल आमच्याकडून घ्या. कापूस विकून त्याच कापसाचं कापड दुकानातून विकत आणणाऱ्या घरांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

तरी शंभर वर्षं लोकांनी हे चालवून घेतलं. कारण सोपं होतं, कायदा कडक आणि पहारा ढिला. उसाच्या मळीचंच घ्या. मळीपासून रम नावाची दारू गाळली जायची आणि न्यू इंग्लंड भागात तो मोठा धंदा होता. परक्या देशांच्या बेटांवरून येणाऱ्या मळीवर १७३३ मध्ये गॅलनला सहा पेन्स कर बसला. तो भरून धंदा परवडत नसे, म्हणून मळी चोरून यायची आणि जकातीचे अधिकारी काणाडोळा करायचे.

मग मोठं युद्ध झालं. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातलं हे सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं. इंग्लंड जिंकलं, पण डोक्यावरचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं. वसाहतींच्या रक्षणासाठी तिथे हजारो सैनिकही ठेवायचे होते. इंग्लंडचे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचं म्हणणं असं, की हे रक्षण तुमच्यासाठी आहे, तेव्हा खर्चाचा काही वाटा तुम्ही उचला. मैत्रिणींनो, हे म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. इंग्लंडमधला सामान्य माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. ही बाजूही आपल्याला माहीत असायला हवी, नाहीतर गोष्ट सोपी होते आणि खोटी होते.

१७६४ मध्ये मळीवरचा कर सहा पेन्सवरून तीन पेन्स झाला. कर निम्मा झाला, तरी लोक चिडले, कारण आता तो खरोखर वसूल होणार होता. आणि १७६५ मध्ये आला मुद्रांक कायदा. आपल्याला जमिनीच्या व्यवहारासाठी स्टॅम्प पेपर लागतो ना, तसंच. पण तिथे कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रं, पंचांगं, इतकंच काय, पत्त्यांचे कॅट आणि फासेसुद्धा सरकारी शिक्क्याशिवाय विकायचे नाहीत. म्हणजे वकील, छापखानेवाले, व्यापारी, खानावळवाले सगळे एकदम त्यात सापडले.

आता त्यांचा मूळ आक्षेप समजून घेऊ. समजा, तुमच्या बचत गटाची पेटी आहे. दर महिन्याला किती भरायचं, हे तुम्ही बैठकीत ठरवता आणि वहीत लिहिता. एक दिवस जिल्ह्याच्या गावाहून कुणी पत्र पाठवतं, की यापुढे प्रत्येकीनं पाच रुपये जादा भरायचे, आम्ही ठरवलंय. पाच रुपये कुणाला जड नाहीत. पण तुम्ही विचारालच, की ठरवणारे तुम्ही कोण? आज पाच ठरवले, उद्या पन्नास ठरवाल, तेव्हा आम्ही कुठे जायचं? वसाहतींचं म्हणणं नेमकं हेच होतं. ज्या सभेत आमचा माणूस नाही, त्या सभेनं आमच्यावर कर बसवू नये.

ऑगस्ट १७६५ मध्ये बॉस्टनच्या लोकांनी मुद्रांक विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर या अधिकाऱ्याचा पुतळा एका मोठ्या एल्मच्या झाडाला टांगला. तो घाबरून पदावरून बाजूला झाला. त्या झाडाला पुढे 'स्वातंत्र्यवृक्ष' म्हणू लागले. पण त्याच महिन्यात जमावानं थॉमस हचिन्सन या मोठ्या अधिकाऱ्याचं घर फोडलं, सामान लुटलं, कागदपत्रं रस्त्यावर फेकली. आणि या हचिन्सननं स्वतः मुद्रांक कराच्या विरोधात मत कळवलेलं होतं! रागाला दिशा नसली की असं होतं.

त्यापेक्षा जास्त परिणाम दुसऱ्याच गोष्टीनं झाला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि त्यांनी लेखी अर्ज केले. न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांनी ठरवलं, की कायदा रद्द होईपर्यंत इंग्लंडहून माल मागवायचा नाही. मग बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनीही तसंच केलं. माल पडून राहिला, तेव्हा इंग्लंडमधल्याच व्यापाऱ्यांनी पार्लमेंटकडे तक्रार केली. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. पण त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा कायदा करून टाकला, की वसाहतींवर कोणत्याही बाबतीत कायदा करायचा अधिकार आम्हाला आहे. म्हणजे हात मागे घेतला, पण मूठ उघडली नाही.

पुढच्याच वर्षी, १७६७ मध्ये, नवे कर आले. काच, शिसं, रंग, कागद आणि चहा. चहावर एका रत्तलाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, तीन पेन्स. वसुलीसाठी बॉस्टनमध्ये जकातीचं वेगळं मंडळ बसलं आणि १७६८ च्या ऑक्टोबरात शहरात लाल डगल्यांचं इंग्रज सैन्य उतरलं.

पुन्हा बहिष्कार ठरला. मैत्रिणींनो, इथे जरा थांबून विचार करू. व्यापाऱ्यानं माल मागवायचा नाही असं ठरवणं, ही एक सही झाली. पण त्या सहीनंतर घरात काय होतं? कापड यायचं बंद झालं, तर अंगावर काय घालायचं? चहा नाही, तर पाहुण्यांपुढे काय ठेवायचं? लेकराचा सदरा फाटला, तर ठिगळ कशाचं लावायचं? पुरुषांचा ठराव अंमलात आणायचा म्हणजे बायकांनी कामाचे तास वाढवायचे. हे तेव्हाच्या पुढाऱ्यांनाही कळत होतं. म्हणून वर्तमानपत्रं बायकांना उद्देशून लिहू लागली, की इंग्रजी रेशीम आणि फिती सोडा, घरचं कापड वापरा.

आणि बायकांनी ते केलं. मार्च १७६६ मध्येच, मुद्रांक कराच्या वेळी, प्रॉव्हिडन्स गावात अठरा तरुण मुली एका डॉक्टरांच्या घरी जमल्या आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चरख्यावर सूत कातत बसल्या. कर आहे तोवर इंग्रजी माल घ्यायचा नाही आणि चहा प्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांना 'स्वातंत्र्याच्या लेकी' म्हणू लागले. १७६८ ते १७७० या काळात न्यू इंग्लंडच्या कितीतरी गावांत असे मेळे झाले. बहुतेकदा गावच्या पाद्र्याच्या घरी बायका आपापला चरखा घेऊन यायच्या, लोकर आणि जवसाच्या झाडाचा धागा कातायच्या, आणि कातलेल्या लडी मोजून पाद्र्याच्या घराला द्यायच्या. कुणी किती कातलं, हे वर्तमानपत्रांत छापून यायचं. बाईच्या रोजच्या कामाची मोजदाद वर्तमानपत्रात व्हावी, हे तिथे नवीनच होतं.

या सुतानं सगळ्या वसाहतींची कापडाची गरज भागली, असं मात्र नाही. चरखा सगळ्या घरांत नव्हता, विणकर पुरेसे नव्हते. पण अंगावरचं जाडंभरडं घरचं कापड ही लाजेची गोष्ट न राहता मानाची झाली. १७६८ च्या मानानं १७६९ मध्ये इंग्लंडहून या वसाहतींत येणाऱ्या मालाची किंमत एक-तृतीयांशाहून जास्त घटली.

चहाचंही तसंच. लोक रास्पबेरीची पानं, सेजची पानं, रानातल्या झुडपांची पानं उकळून प्यायला लागले. चवीला ती कशीही असोत, त्यावर कर नव्हता. १७७० च्या जानेवारी अखेरीस बॉस्टनमधल्या तीनशेहून जास्त घरांतल्या कारभारणींनी एका कागदावर सह्या केल्या. हे कायदे रद्द होईपर्यंत आम्ही चहा घेणार नाही, फक्त आजारपणात तेवढी सूट. पंधरवड्यात शंभरावर तरुण मुलींनी वेगळा कागद करून सह्या केल्या. लक्षात घ्या, तिथल्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहत नसे, ती नवऱ्याची व्हायची. तिला मत नव्हतं, सभेत जागा नव्हती. तरी घरात काय शिजायचं आणि काय नाही, हे तिच्या हातात होतं, आणि तेवढ्यावर तिनं सही केली.

आता या गोष्टीतली एक अवघड बाजू. बॉस्टनमध्ये कमिंग्ज आडनावाच्या दोन बहिणी होत्या. आईवडील नव्हते. एलिझाबेथ मरे नावाच्या एका व्यापारी बाईच्या मदतीनं त्यांनी कापड आणि बारीकसारीक सामानाचं छोटं दुकान काढलं होतं. १७६९ मध्ये त्यांच्याकडे इंग्लंडहून माल आला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या समितीचे लोक चौकशीला आले. बहिणींचं म्हणणं असं, की आम्ही कुठल्याही करारावर सही केलेली नाही आणि आमचा धंदा तो केवढासा. तरी त्यांची नावं वर्तमानपत्रात देशाचे शत्रू म्हणून छापली गेली.

या बहिणींवरून आमच्यात बराच वाद झाला. आमच्यातली एक म्हणाली, सगळ्यांनी झळ सोसायची ठरल्यावर दोघींना सूट कशी द्यायची? एकीला दिली की दुसरी मागते, आणि बहिष्कार तिथेच संपतो. दुसरी म्हणाली, बड्या व्यापाऱ्याच्या वखारीत वर्षभराचा माल होता, तो थांबू शकत होता. या दोघींची चूल रोजच्या विक्रीवर होती. आणि ज्या बैठकीत त्यांना बसायला जागाच नव्हती, तिथला ठराव त्यांच्यावर कसा लागू होतो? मैत्रिणींनो, हा दुसरा प्रश्न तर वसाहतींनी इंग्लंडला विचारलेलाच प्रश्न आहे. आमचा वाद मिटला नाही. तुमच्या गटातही या दोघींबद्दल बोलून बघा.

दबाव वाढला तशी हिंसाही वाढली. २२ फेब्रुवारी १७७० ला बहिष्कार मोडणाऱ्या एका दुकानदाराच्या दारात मुलं घोषणा देत होती. जकात खात्याशी संबंध असलेल्या एका माणसानं घराच्या खिडकीतून गोळी झाडली. त्यात ख्रिस्टोफर सायडर हा अकराएक वर्षांचा मुलगा गेला. त्याच्या अंत्ययात्रेला दोन हजारांवर माणसं होती. पुढे ५ मार्चला जमाव आणि सैनिक समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि पाच जण मेले. त्यांत क्रिस्पस ॲटक्स नावाचा खलाशी होता. त्याच्यात आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी असं दोन्ही रक्त होतं. योगायोग असा, की त्याच दिवशी लंडनच्या पार्लमेंटमध्ये बाकीचे कर काढून फक्त चहावरचा ठेवायचा प्रस्ताव मांडला गेला. तो मंजूरही झाला. चहावरचे तीन पेन्स का ठेवले? उत्पन्नासाठी कमी आणि अधिकार दाखवायला जास्त.

यानंतर बहिष्कार सैल झाला. तीन वर्षं बरीच शांततेत गेली. आणि मग या गोष्टीत एक ओळखीची पाहुणी आली. ईस्ट इंडिया कंपनी.

हो, तीच कंपनी. तिचं एक मोठं ठाणं आपल्या मुंबईला होतं. १७६५ मध्ये तिनं बंगालचा सारा वसूल करायचा अधिकार मिळवला. १७७० च्या आसपास बंगालात भयंकर दुष्काळ पडला, तरी वसुली थांबली नाही. लाखो माणसं अन्नावाचून मेली. त्या प्रांतातला साधारण तिसरा हिस्सा लोक गेले, असा अंदाज तेव्हाच केला गेला होता. एवढं करून कंपनी १७७२ मध्ये बुडायला आली. लष्करावरचा खर्च, भागीदारांना वाटलेला नफा, अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशात घातलेला पैसा, सगळं अंगाशी आलं. लंडनच्या वखारींत चीनहून आणलेल्या चहाचे ढीग न विकता पडले होते. सरकारनं कंपनीला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं, आणि चहा खपावा म्हणून १७७३ मध्ये चहा कायदा केला.

हा कायदा नीट ऐका, कारण तो चहा महाग करणारा नव्हता, स्वस्त करणारा होता. कंपनीनं आपला चहा लंडनमधल्या लिलावात न विकता थेट अमेरिकेत पाठवावा, तिथे ठरावीक अडत्यांमार्फत विकावा, इंग्लंडमधली जकात माफ. त्यामुळे तो हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. फक्त तीन पेन्सचा तो जुना कर तसाच राहणार होता.

मग स्वस्त चहाला लोकांनी नको का म्हटलं? एक तर, चहा घेतला की कर भरला, आणि कर भरला की तुमचा अधिकार मान्य केला. दुसरं, विक्री चार निवडक अडत्यांच्या हातात गेली, म्हणजे बाकीच्या व्यापाऱ्यांचं दुकान बंद. आज चहा, उद्या दुसरा माल. सुरुवातीला स्वस्त देऊन बाजार धरायचा आणि मग भाव आपण ठरवायचा, ही चाल ज्यांनी आपला माल एकाच खरेदीदाराला विकून पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे. आणि बंगालात कंपनीनं काय केलं, याच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांतही पोचल्या होत्या.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या अडत्यांनी लोकांचा रोख बघून काम सोडलं. बॉस्टनचे अडते हटेनात. त्यांत तर हचिन्सनचे दोन मुलगे होते, आणि हचिन्सन आता गव्हर्नर झाला होता. २८ नोव्हेंबरला 'डार्टमथ' हे चहाचं पहिलं जहाज आलं, मागून आणखी दोन आली. नियम असा, की वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. लोक म्हणत, जहाजं परत पाठवा. गव्हर्नर म्हणे, जकात भरल्याशिवाय परवाना नाही. १६ डिसेंबर १७७३ ला गावातल्या मोठ्या प्रार्थनाघरात पाचेक हजार माणसं जमली. संध्याकाळी गव्हर्नरचा शेवटचा नकार आला. त्या रात्री काही पुरुष तोंडाला काजळी फासून, मूळ रहिवासी मोहॉक लोकांसारखं सोंग घेऊन जहाजांवर चढले आणि चहाच्या ३४० च्या आसपास पेट्या फोडून पाण्यात ओतल्या. सुमारे बेचाळीस हजार किलो चहा गेला.

इंग्लंडनं शिक्षा केली ती सगळ्या गावाला. १ जून १७७४ पासून बॉस्टनचं बंदर बंद. मासेमारी करणारे, हमाल, खलाशी, दुकानदार सगळे बसून. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचे कारभारातले हक्क काढून घेतले. इंग्लंडला वाटलं, बाकीच्या वसाहती घाबरतील. झालं उलटं. दक्षिणेतल्या कॅरोलिनातून तांदूळ आला, कनेटिकटहून मेंढरं आली. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले आणि त्यांनी १ डिसेंबरपासून इंग्लंडचा माल पूर्ण बंद करायचं ठरवलं. गावोगाव समित्या नेमल्या. ठराव मोडणाऱ्याचं नाव जाहीर करायचं.

२५ ऑक्टोबर १७७४ ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टन या गावात एक्कावन्न बायकांनी याच बहिष्काराला पाठिंबा देणाऱ्या लेखी ठरावावर सह्या केल्या. पुढाकार पेनेलोपी बार्कर यांचा होता, असं सांगतात. हा ठराव आणि नावं पुढे लंडनच्या वर्तमानपत्रात छापली गेली. लंडनकरांनी त्याची टर उडवली. एक व्यंगचित्र निघालं. त्यात ठरावावर सह्या करणाऱ्या बायका वेड्याविद्र्या दाखवल्या होत्या, आणि टेबलाखाली एक मूल बेवारशी बसलेलं. बाईनं सार्वजनिक कागदावर सही केली, की तिचं मूल उपाशी असणारच, ही समजूत किती जुनी आहे बघा!

एप्रिल १७७५ मध्ये लढाईला तोंड फुटलं. ४ जुलै १७७६ ला तेरा वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केलं. राजाविरुद्धच्या तक्रारींच्या लांबलचक यादीत आमचा जगाशी व्यापार तोडला, आमच्या संमतीशिवाय कर बसवले, हेही लिहिलं होतं. कंपनीला मात्र त्यानं मोठासा फरक पडला नाही. बॉस्टनला चहा बुडाला त्याच साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला होता. त्या गादीच्या भांडणाचा फायदा घेऊन कंपनीच्या मुंबई सरकारनं डिसेंबर १७७४ मध्ये ठाण्याचा किल्ला घेतला. पाठोपाठ साष्टीही गेली.

आणि ज्यांनी चहा सोडला, सूत कातलं, त्यांचं काय झालं? पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्स यांना त्यांची बायको ॲबिगेल यांनी मार्च १७७६ मध्ये पत्र लिहिलं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांनाही लक्षात ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. जॉन यांनी उत्तरात ते हसण्यावारी नेलं. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायकांना काही वर्षं मत देता आलं, तेही १८०७ मध्ये काढून घेतलं. साऱ्या देशात बाईला बाई म्हणून मत नाकारता येणार नाही, हे घटनेत लिहायला १९२० साल उजाडलं.

आणखी एक नाव सांगतो. फिलिस व्हीटली. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेली ही मुलगी सात-आठ वर्षांची असताना बॉस्टनमध्ये विकली गेली. ती लिहायला शिकली, कविता करू लागली, आणि १७७३ मध्ये तिचं पुस्तक लंडनला छापलं गेलं. त्या पुस्तकाच्या प्रती बॉस्टनला आल्या त्या 'डार्टमथ' जहाजातून, ज्या जहाजावरचा चहा फेकला, त्याच जहाजातून. पुढच्या वर्षी तिचं एक पत्र वर्तमानपत्रांत आलं. स्वातंत्र्याची ओढ देवानं प्रत्येक माणसात घातली आहे, आणि स्वातंत्र्याच्या घोषणा देणारेच दुसऱ्यांना गुलाम ठेवतात, हे विसंगत आहे, असा त्याचा आशय होता. त्या देशातली गुलामी कायद्यानं संपायला १८६५ साल लागलं.

आम्ही ही गोष्ट वाचून संपवली, तेव्हा आमच्या मनात समुद्रात पडलेला चहा कमी आणि त्या तीनशे बायकांचा कागद जास्त राहिला. बायकांनी साथ दिली नसती, तर पुरुषांचा बहिष्कार टिकणं अवघड होतं. तरी पुढे कायदे लिहायला बसले, तेव्हा त्या बायकांना कुणी बोलावलं नाही. संमतीशिवाय कर नको म्हणणाऱ्यांनी आपल्याच घरातल्यांची संमती विचारली नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत गटाची वही उघडाल, तेव्हा मागची काही पानं चाळा. पैसे कुणी भरले, ते रकान्यात दिसेलच. त्याशेजारी एवढंच बघा, की कर्ज कशाला घ्यायचं, ते कुठे लावायचं, हे कुणी ठरवलं होतं. सही तुमची आहे. ठरवलंही तुम्हीच होतं का? काय सापडतं, ते आम्हाला नक्की कळवा. आणि तोवर चहा थंड होण्याआधी घ्या.